इग्वाना मादी उकरते, पण अंडी घालत नाही: दरवर्षी येणारी अडचण आणि तिची आम्हाला सापडलेली कारणं

संक्रांत होऊन दोन-तीन आठवडे झाले की आमची पाचू, म्हणजे घरी पाळलेली इग्वाना (सरड्याच्या जातीचा मोठा, पालेखाऊ प्राणी), शेवग्याचा पाला हुंगते आणि बाजूला होते. चार दिवसांनी जास्वंदीचं फूलही तोंडात धरून टाकून देते. दोन्ही कुशी फुगतात, पिशवीत द्राक्षं भरावीत तसे पोटावर उंचवटे दिसायला लागतात, आणि मग सुरू होतं ते उकरणं. पिंजऱ्याचा कोपरा, कपड्यांची टोपली, लाद्यांमधली फट, जिथे नखं टेकतील तिथे. दिवसभर उकरते, संध्याकाळी दमून फांदीवर चढते, सकाळी परत तेच. अंडी मात्र दिसत नाहीत.

पाच हंगामांत तीनदा आम्ही या अडचणीतून गेलो. त्यातल्या एकदा पाचू हातची जाणार असं वाटलं होतं. कारण प्रत्येक वेळी वेगळं दिसलं, पण मुळाशी पाहिलं तर दोनच गोष्टी होत्या: तिला दिलेली जागा, आणि तिच्या अंगातलं कॅल्शियम. ज्यांच्या घरी आत्ता मादी उकरते आहे त्यांच्यासाठी हे सगळं एकत्र लिहिते आहे.

आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. पाचू हिरवी इग्वाना, आता सात वर्षांची. भाच्याने मुंबईत हौसेने घेतली होती. दोन वर्षांत ती फ्लॅटमध्ये मावेना, तेव्हा आमच्याकडे आली. नर आमच्याकडे नाही, कधीच नव्हता. पहिला गैरसमज इथेच होतो. मादी वयात आली, म्हणजे साधारण दोन ते चार वर्षांची झाली, की नराशिवायही अंड्यांवर येऊ शकते. कोंबडी कोंबड्यावाचून अंडी देते, तसंच. ही अंडी फळत नाहीत, पण शरीरावर भार तेवढाच पडतो आणि धोकाही तेवढाच असतो. 'आमच्याकडे नरच नाही, मग अंडी कुठली' असं म्हणत पहिल्या वर्षी आम्ही तीन आठवडे घालवले.

आधी एवढं बघून घ्या

मादी खात नाही, उकरते आहे, पण डोळे उघडे आणि टवटवीत आहेत, हात जवळ नेला की मान वळवते, पाणी पिते, फांदीवर आपली आपण चढते: मग तुमच्या हातात वेळ आहे. शेवटचे तीन-चार आठवडे कमी खाणं, शेवटी शेवटी अजिबात न खाणं, हे अंड्यांवर आलेल्या मादीत नेहमीचं आहे. अंड्यांनी पोट इतकं भरलेलं असतं की अन्नाला जागा उरत नाही. जबरदस्तीने तोंडात काही कोंबू नका. मी पहिल्या वर्षी केळं भरवायला गेले आणि तिने इतकी झटापट केली की आजही आठवलं की माझं मलाच वाईट वाटतं. पोटात अंडी असताना अशी झटापट फार धोक्याची असते.

पण पुढचं काहीही दिसलं तर वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. बोटं किंवा पायाचे स्नायू थरथरणं, फडफडणं. मान जमिनीवर टाकून पडून राहणं. मागचे पाय ओढत चालणं. रंग काळपट, राखी पडणं आणि उन्हात बसूनही न खुलणं. तोंड उघडं टाकून श्वास घेणं. थोडी अंडी घालून थांबली आहे, पोटात अजून गाठी लागतात आणि दुसऱ्या दिवशीही नुसती कुंथते आहे. शेपटीखालच्या छिद्रातून अर्धं अंडं किंवा लालसर मांस बाहेर आलेलं आहे. हे मांस कोरडं पडू देऊ नका, स्वच्छ ओल्या मऊ फडक्याने झाकून तसंच न्या, आत ढकलायचा प्रयत्न करू नका. आणि एक शेवटचं: जागा चांगली दिली आहे, ती मन लावून खणते आहे, तरी दोन-तीन दिवसांत एकही अंडं नाही.

पोट दाबून अंडी बाहेर काढायचा विचारही मनात आणू नका. आत अंडं फुटलं तर जिवावर बेततं.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे आम्ही आधी गेलो होतो. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की गाई-म्हशी, कुत्री-मांजरी बघतो, सरड्याच्या जातीचं मला कळत नाही. त्यांचे मी आजही आभार मानते, कारण अंदाजाने इंजेक्शन टोचण्यापेक्षा हे हजारपट बरं. सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर आम्हाला गोव्यात मिळाले. उत्तरेकडे राहणाऱ्यांना कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावं लागेल. हंगाम सुरू व्हायच्या आधीच फोन करून ठेवा, त्यांच्याकडे एक्स-रे आणि सोनोग्राफी आहे का ते विचारा. रात्री दहा वाजता नंबर शोधत बसण्याची वेळ माझ्यावर आली आहे.

पोटात नक्की काय आहे

या पायरीला फाटा द्यायचा मोह होतो, कारण प्रवास आहे, खर्च आहे. तरीही मी आग्रहाने सांगेन, निदान पहिल्या हंगामात तपासणी कराच.

कारण असं आहे. बाहेरून दोन अवस्था सारख्याच दिसतात. एकीत कवच धरलेली, लांबट अंडी तयार असतात आणि मादी फक्त जागेसाठी अडून बसलेली असते. दुसरीत अंडाशयातली बीजं मोठी होतात, पण पुढे सरकतच नाहीत. कवच धरत नाही, अंडं असं बनतच नाही, गोल पिवळ्या गोळ्यांचा घोस तसाच अडकून राहतो. या दुसऱ्या अवस्थेत जगातली सगळ्यात सुंदर जागा करून दिलीत तरी उपयोग नाही. डॉक्टर थोडे दिवस वाट बघतात, आणि ते गोळे आपोआप जिरले नाहीत तर ऑपरेशन हाच मार्ग उरतो. इग्वानाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं, एक्स-रेमध्ये कोंबडीच्या अंड्यासारखं ठसठशीत उमटत नाही, म्हणून शंका असेल तर डॉक्टर सोनोग्राफीही करून बघतात.

एक्स-रेचा आणखी एक फायदा आहे. अंड्यांचा अंदाजे आकडा कळतो. हिरवी इग्वाना एका वेळी साधारण 20 ते 70 अंडी घालते. आकडा हातात असला की नंतर मोजून बघता येतं, सगळी बाहेर आली की काही राहिली.

पहिली दोन वर्षं: जागा नव्हती, मग चुकीची होती

पहिल्या हंगामात आम्ही काहीच जागा केली नव्हती, कारण अंडी आहेत हेच माहीत नव्हतं. पाचूने तीन दिवसांत नऊ अंडी पिंजऱ्याच्या फळीवर इकडेतिकडे टाकली आणि थांबली. गोव्याला एक्स-रे काढला तेव्हा आत अजून तेवढीच, किंबहुना जास्त होती. कॅल्शियम आणि सलाइन देऊन घरी पाठवलं, ओली माती भरलेल्या अंधाऱ्या खोक्यात ठेवायला सांगितलं. दोन दिवसांनी बाकीची आली.

त्यावरून शहाणं होऊन दुसऱ्या वर्षी मी एक मोठा टब आणला. भाताच्या बांधावरची तांबडी माती त्यात भरली आणि तिच्यासमोर ठेवला. ती उतरली, खणायला लागली, अर्ध्या तासाने बाहेर आली. परत गेली, दुसऱ्या कोपऱ्यात खणलं, परत बाहेर. असे अकरा दिवस गेले. माझ्या सासूबाई ओटीवर बसून बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. त्या म्हणाल्या, "कोंबी अंड्यार इली की जागा सोदता. तिका जागा पसंत नाय, दुसरां काय नाय." मी तेव्हा ऐकलं, पण जागेत काय चुकलं ते मला दिसत नव्हतं. टब होता, माती होती, अजून काय हवं?

अकराव्या रात्री तिच्या पुढच्या पायाची बोटं थरथरायला लागली. पहाटे निघून गोवा गाठला. रक्तातलं कॅल्शियम खूप खाली गेलं होतं. तीन दिवस तिथेच ठेवावी लागली. कॅल्शियम भरून आल्यावर औषध देऊन अंडी आणली.

त्याच फाल्गुनात आम्ही वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला गेलो होतो. तिथल्या एका कासवमित्राशी बोलताना माझ्या डोक्यात उजेड पडला. ऑलिव्ह रिडले मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळू उकरून बघते, आणि जागा मनास आली नाही तर एकही अंडं न घालता तशीच पाण्यात परत जाते. तळाला दगड लागला, मुळं लागली, वाळू कोरडी निघून खड्डा ढासळला, माणसांचा उजेड दिसला, कारण काहीही असो. आणि तिचा खड्डा असतो साधारण दीड फूट खोल, खाली ओल असलेला. मी त्याला विचारलं, किती ओल? त्याने खड्ड्याच्या कडेची वाळू मुठीत घेऊन दाबून दाखवली.

घरी येऊन टब बघितला. माती जेमतेम नऊ इंच. वरून ओली, खाली आमची जांभ्याची माती वाळून विटेसारखी घट्ट. वर झाकण नाही, चारही बाजूंनी उजेड, आणि समोर घरातली सगळी मुलं पाट मांडून बसलेली. कुठली मादी इथे अंडी घालेल?

मग जे केलं ते

200 लिटरचं निळं पिंप, आडवं ठेवलेलं. खाण्याच्या वस्तूंचंच घ्या, रसायनांचं किंवा फवारणीच्या औषधांचं कितीही धुतलं तरी नको. पिंपाच्या तोंडाच्या बाजूला वरच्या अर्ध्या भागात वीत-सव्वा वीत रुंदीचं भोक कापलं आणि कडा घासून गुळगुळीत केली, नाहीतर फुगलेलं पोट त्यावर खरचटतं. पिंप लोळू नये म्हणून दोन्ही बाजूंना जांभ्याचे चिरे लावले. मादीला आत पूर्ण वळता आलं पाहिजे, ही सगळ्यात मोठी अट. ती डोक्याकडून खणत आत जाते, मग वळून अंडी घालते, आणि परत वळून माती लोटते. वळायला जागा नसेल तर ती काम अर्धं सोडते. पेटी करणार असाल तर तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल यापेक्षा लहान करू नका.

आत निम्मी वाळू, निम्मी माती, चाळून खडे काढलेली, पिंप दोन तृतीयांश भरेल एवढी. नुसती वाळू ढासळते, नुसती आमची तांबडी माती आवळते. दोन्ही मिसळली की बोगदा उभा राहतो. वाळू नदीची घ्या. समुद्र चार पावलांवर असला तरी तिथली वाळू आणू नका, ती खारट असते. माती घराच्या परसातली, जिथे खत-औषध पडलेलं नाही अशी. काजू-आंब्याच्या बागेतली नको, मोहोराच्या वेळची फवारणी तिच्यात उतरलेली असते.

ओल कशी ओळखायची? मूठ भरून दाबा. रव्याच्या लाडवासारखा गोळा बसला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. किनाऱ्यावरची हवा दमट असते म्हणून आपल्याला वाटतं माती ओली राहील. राहत नाही. फाल्गुनातला खारा वारा वरचा थर दोन दिवसांत कोरडा करतो. मी एक दिवसाआड कडेने कोमट पाणी सोडते, मधोमध ओतत नाही.

तिने सुरुवात करावी म्हणून हाताने कोपरापर्यंत एक बोगदा कोरून ठेवते. पिंपावर जुनी गोधडी टाकते, आत मिट्ट काळोख होतो. आणि मुलांना खोलीत बंदी. मी स्वतःसुद्धा दिवसातून दोनदाच डोकावते, तेही दाराच्या फटीतून.

तिसऱ्या वर्षी पिंप ठेवल्यावर ती दोन दिवस नुसती आतबाहेर करत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी आत गेली ती रात्री नऊला बाहेर आली. पोट आत गेलेलं, नाकावर माती. 34 अंडी.

चौथ्या वर्षी तेच पिंप, तीच माती, तरीही अडली

हा भाग मुद्दाम लांबवून सांगते, कारण जागा चांगली आहे असं वाटत असताना चूक शोधणं अवघड जातं.

त्या वर्षी माजघरावरची कौलं उतरवून काम चालू होतं, म्हणून पिंप नव्या खोलीत, लाद्यांवर नेलं. पाचू पाच दिवस खणत होती आणि सोडत होती. ओल बरोबर, खोली बरोबर, काळोख बरोबर. शेवटी स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा थर्मामीटर मातीत तळापर्यंत खुपसला. 23 अंश. माजघरात खाली शेणाने सारवलेली जमीन होती, इथे गार लादी. शिवाय किनाऱ्यावर दुपारी 32-33 अंश झाले तरी त्या दिवसांत पहाटे चांगलंच उतरतं, आणि माती रात्रीचा गारवा दिवसभर धरून ठेवते. हवेचं तापमान बघून मी निर्धास्त होते. मोजायला हवी होती माती.

अंडी घालायच्या मातीत 29 ते 31 अंश लागतात. पिंपाखाली फळ्या टाकल्या, त्यावर थर्माकोल, आणि एका बाजूला पिंपाच्या बाहेरून थर्मोस्टॅट लावलेला हीट पॅड. पॅड मातीत पुरू नका, भाजते. दुसऱ्या दिवशी माती 29 वर आली. त्याच संध्याकाळी वाडीत शिमग्याचे ढोल आले, आमच्या खळ्यात नाचले, आणि ती खणता खणता बाहेर येऊन कपाटावर चढून बसली. देवाला नको म्हणता येत नाही. पण आता आम्ही पिंप घराच्या मागच्या खोलीत ठेवतो आणि त्या रात्री दारं लावून घेतो. ढोल गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने अंडी घातली.

तुमच्याकडे जागा बदलली असेल, पिंजरा हलवला असेल, घरात रंगकाम, नवं कुत्रं, पाहुणे, काहीही नवं असेल, तर आधी तिथे बघा. वीज जाण्याचाही हिशोब ठेवा. लाइन रात्रभर गेली तर मी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिंपाला बाहेरून लावते.

कॅल्शियम: जे दिवाळीपासून करायला हवं

अंडी बाहेर ढकलायला गर्भनळीचे स्नायू आकसावे लागतात, आणि स्नायू आकसायला कॅल्शियम लागतं. त्याच वेळी डझनावारी कवचांसाठीही तेच कॅल्शियम हाडांतून उपसलं गेलेलं असतं. म्हणून ऐन वेळी ताकदच उरत नाही. हे शेवटच्या आठवड्यात भरून निघत नाही, तोवर तर तिचं खाणंच बंद झालेलं असतं. दिवाळीच्या सुमारास सुरुवात केली तर संक्रांतीपर्यंत अंगात साठा होतो.

आमच्या परसात जे आहे तेच बहुतेक चालतं. शेवग्याचा पाला, तुतीचा पाला, जास्वंदीची पानं आणि फुलं हे रोजचं. सोबत किसलेला लाल भोपळा, दुधी, फरसबी, कधी पपईची फोड. पालक, माठ, अळू टाळते, कारण त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते अंगाला लागू देत नाही. अंडं, मासळी, सुकट काहीही नाही. आमच्याकडे प्रत्येक येणाऱ्याला ही घोरपडच वाटते आणि 'हिला अंडं द्या, अंगात जोर येईल' असा सल्ला मिळतो. घोरपड मांसाहारी, इग्वाना पूर्ण पालेखाऊ. मांसाहाराने हिच्या मूत्रपिंडांची वाट लागते.

पाल्यावर फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पूड भुरभुरवते. किनाऱ्यावर माकुलाचं पांढरं हाड वाहून येतं, समुद्रफेस म्हणतो आपण. तेही कॅल्शियम कार्बोनेटच आहे. पाच-सहा दिवस रोज पाणी बदलत भिजवून खार काढायचा, कडक उन्हात वाळवायचा, मऊ भाग खरवडून वस्त्रगाळ करायचा. डॉक्टरांना विचारून मी हंगामाआधी ते वापरते. पानाला लावायचा चुना मात्र चुकूनही देऊ नका. मला दोघा-तिघांनी सुचवलं होतं. तो दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते.

खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, आणि ते बनायला उन्हातले यूव्हीबी किरण. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्यासाठी कुचकामी, काच ते किरण अडवते. सकाळी साडेआठ-नऊच्या उन्हात जाळीच्या पिंजऱ्यात अर्धा तास, निम्म्या भागावर झावळीची सावली, बाजूला पाणी, आणि मी शेजारी बसलेली. घार आणि मुंगूस दोन्ही आमच्याकडे आहेत, एकटं सोडत नाही. काचेच्या टाकीत उन्हात ठेवू नका, काही मिनिटांत भट्टी होते. पावसाळ्याचे चार महिने ऊन मिळत नाही, तेव्हा यूव्हीबी ट्यूब. ती पेटलेली दिसते म्हणून चालू आहे असं समजू नका, उजेड राहतो पण किरण कमी होत जातात. बहुतेक ट्यूब सहा ते बारा महिन्यांत बदलाव्या लागतात. दुसऱ्या वर्षी पाचूची ट्यूब दीड वर्ष जुनी होती. कॅल्शियम खाली का गेलं त्याचं निम्मं उत्तर तिथे होतं.

पाणी हा तिसरा भाग. अंगात पाणी कमी असलं तरी अंडी अडकतात. शेवटच्या आठवड्यांत रोज कोमट पाण्यात, तिच्या कोपरापर्यंत येईल एवढ्या, पंधरा-वीस मिनिटं बसवते. बऱ्याचदा तिथेच पितेही. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पोटावर भार येऊ द्यायचा नाही. आणि आंघोळीची तगारी वेगळी ठेवा, स्वयंपाकघराच्या मोरीत धुवू नका, नंतर साबणाने हात धुवा. इग्वानाच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो, घरात लहान मुलं असतील तर जास्तच जपा.

ऑक्सिटोसिनबद्दल

ऑक्सिटोसिन हे गर्भनळीचे स्नायू आकसवणारं औषध. गोठ्यात दूध सोडवायला काही जण त्याचं इंजेक्शन वापरतात, आणि त्यामुळे 'तेच टोच, अंडी पडतील' असं सांगणारे भेटतात. कॅल्शियम कमी असताना, अंडं आडवं अडकलेलं असताना, किंवा बीजं पुढेच सरकलेली नसताना ते दिलं तर गर्भनळी फाटू शकते. पाचूलाही औषध दिलं गेलं, पण रक्त तपासून, सोनोग्राफी करून, आधी कॅल्शियम भरून, मग. घरी कोणीही हे करू नये.

दर वर्षी हाच त्रास होत असेल तर अंडाशय आणि गर्भनळ्या काढून टाकण्याचं ऑपरेशन असतं. मादी आजारी पडल्यावर घाईत करण्यापेक्षा हंगाम संपून ती सावरल्यावर, अंगाने धडधाकट असताना करणं सुरक्षित, असं आमच्या डॉक्टरांचं मत आहे आणि मला ते पटतं. पिल्लं नकोच असतील तर मी आज लहान मादी घेणाऱ्याला हेच सुचवेन. पाचूचं आम्ही येत्या थंडीच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास करणार आहोत.

अंडी घातल्यावर

ती भोक बुजवते, माती डोक्याने ठोकते, तासभर राखण करत बसते. करू द्या. लगेच पिंप उपसायला जाऊ नका. आपणहून बाहेर येऊन फांदीवर गेली की मग. अंगाला लागलेली माती कोमट पाण्याने उतरवा, पाणी पाजा. ती भयंकर खंगलेली दिसेल, कुशी आत गेलेल्या, शेपटीच्या मुळाशी हाडं वर आलेली. पाचू हंगामाआधी दोन किलो होती, अंडी घातल्यावर एक किलो सातशे. मासे विकणारीकडचा काटा मी त्यासाठी जुना विकत घेतला, दर रविवारी वजन वहीत लिहिते. दोन-तीन दिवसांत खायला लागते. दहा दिवसांत वजन चढायला लागलं नाही, किंवा पोटात गाठी हाताला लागत राहिल्या, तर परत एक्स-रे.

अंडी मोजा आणि एक्स-रेच्या आकड्याशी ताडून बघा. न फळलेली पिवळसर, मऊ, लवकर चपटी होणारी असतात. ती दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग खोल पुरा. नर घरात असेल तर हे आणखी महत्त्वाचं. इग्वाना मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. फ्लोरिडा, तैवान, सिंगापूर, फिजी अशा ठिकाणी पाळलेल्या किंवा आणलेल्या इग्वाना बाहेर सुटल्या आणि तिथे पसरल्या. आमचं उबदार, दमट, झाडीचं कोकण तर तिला माहेरासारखं वाटेल. एकही अंडं, एकही पिल्लू परसात सोडू नका. पिल्लं उबवायचीच असतील तर अंडी उचलताना ज्या बाजूने होती तीच बाजू वर ठेवा, पेन्सिलने खूण करा. वायंगणीला कासवाची अंडी हलवतानाही ती उलटीपालटी होऊ देत नाहीत.

आणि कागदपत्रं. हिरवी इग्वाना साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, आणि 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली तर त्यांचीही नोंद लागते. नोंदणीच्या कागदाचा फोटो मी फोनमध्ये ठेवते. गोव्याला जाताना एकदा नाक्यावर गाडी थांबवून विचारलं होतं, घोरपड कुठे नेताय म्हणून. घोरपड पाळणं गुन्हा आहे आणि तो पोलीस आपलं काम करत होता. कागद दाखवला, पाचूचा हिरवा रंग आणि पाठीवरचे काटे दाखवले, आणि पाच मिनिटांत पुढे निघालो. पोटात अंडी अडकलेल्या मादीला घेऊन निघताना ती पाच मिनिटंसुद्धा मोठी असतात.

पिंपातली माती मात्र पावसाच्या आधी काढा. आम्ही एका वर्षी ठेवली, आणि श्रावणात झाकण उघडलं तर बुरशीचा पांढरा थर आणि मुंग्यांचं वारूळ. आता वैशाखात सगळी माती खळ्यात पसरून कडक उन्हात वाळवते, पिंप धुऊन उपडं घालते, आणि माळ्यावर टाकते. संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले की ते खाली उतरतं.